रोमन भिंतींवरचे ओरखडे कसे वाचायचे?

इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या मुख्य चौकाला लागून बॅसिलिका नावाची एक मोठी इमारत होती. तिथे खटले चालायचे, सौदे ठरायचे, देण्याघेण्याची बोलणी व्हायची, आणि या सगळ्यात माणसांना बराच वेळ नुसतं ताटकळत उभं राहावं लागायचं. ताटकळलेल्या माणसांनी भिंतींवर नावं खरवडली, शिव्या लिहिल्या, प्रेमाच्या ओळी लिहिल्या. त्यातली एक नोंद सांगते की गायुस पुमिदिउस दिपिलुस इथे येऊन गेला. पठ्ठ्याने तारीखही घातली आहे, आणि त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं दिल्यामुळे साल नेमकं कळतं: इ.स.पू. 78, 3 ऑक्टोबर. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने शहर गाडलं ते इ.स. 79 मध्ये. म्हणजे त्या दिवशी हा ओरखडा दीडशेहून अधिक वर्षांचा झाला होता, आणि तेवढ्या काळात त्यावर कोणी नवा गिलावा चढवला नव्हता.

पॉम्पेईच्या भिंतींवरच्या लेखनाच्या 11,000 हून जास्त नोंदी झालेल्या आहेत. त्यातल्या चावट आणि विनोदी ओळी सगळीकडे फिरत असतात. ओळींच्या शेजारी काढलेल्या चित्रांकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. ती बेढब असतात, हात-पाय काड्यांसारखे, डोकं धडापेक्षा मोठं, आणि त्यांची पुस्तकात छापण्याजोगी शोभा होत नाही. मला हीच चित्रं जास्त मोलाची वाटतात. रोमन जगात बहुतेकांना सफाईने लिहिता येत नव्हतं, पण खिळा हातात धरून ग्लॅडिएटरची, म्हणजे लोकांसमोर झुंजणाऱ्या लढवय्याची, ढाल कोणालाही काढता येत होती. सरदारांनी उभारलेले पुतळे आणि शिलालेख त्यांना काय दाखवायचं होतं ते सांगतात. हे ओरखडे बघ्याने काय पाहिलं ते सांगतात.

फक्त ही चित्रं वाचायची एक अट आहे. ती भिंतीपासून सुटी करून पाहायची नाहीत. कोणती इमारत, कोणती खोली, जमिनीपासून किती उंची, शेजारी काय लिहिलंय, हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही, उलट चुकीचा लागतो. ते कसं, हे उदाहरणांनीच पाहू.

गिलावा, लेखणी आणि कोळसा

रोमन गिलावा चुन्याचा असे. खाली वाळू मिसळलेले जाड थर, वर बारीक होत जाणारे थर, आणि चांगल्या इमारतीत शेवटच्या थरात संगमरवराची पूड. तो घोटून गुळगुळीत केला जाई आणि ओला असतानाच त्यावर रंग दिला जाई, म्हणजे रंग चुन्यात पक्का बसे. हा रंगाचा थर अगदी पातळ. त्यावर टोकदार काहीही फिरवलं की खालचा पांढरा चुना उघडा पडतो. लाल किंवा काळ्या भिंतीवर पांढरी रेघ, त्यामुळे ताजेपणी चित्र नीट उठून दिसत असणार.

हत्यार शोधायला लांब जावं लागत नव्हतं. लोक मेण लावलेल्या लाकडी पाट्यांवर लिहायचे आणि त्यासाठी टोकदार लेखणी जवळ बाळगायचे. ती नसली तर खिळा, सुरीचं टोक, काहीही चालायचं.

अशी रेघ मिलिमीटरभरही खोल नसते आणि चित्र बहुधा तळहातात मावेल एवढं असतं. आजच्या स्प्रेच्या रंगाने काढलेल्या भित्तिचित्रांची सवय असलेल्याला हे पटकन लक्षात येत नाही. रस्त्यापलीकडून पाहावं असं ते नव्हतंच. ज्या जागी काढणारा उभा होता त्याच जागी जो येऊन उभा राहील त्यालाच ते दिसणार होतं. तोच त्याचा वाचक.

रस्त्यावर दिसायचं ते वेगळं. निवडणुकीत अमक्याला निवडा, तमक्या दिवशी खेळ आहेत, अशा घोषणा धंदेवाईक रंगारी कुंचल्याने मोठ्या अक्षरांत रंगवायचे. त्यांतल्या एकाने तर आपली सहीच ठोकली आहे. लुक्रेतिउस सात्रिउस वालेन्स नावाच्या बड्या माणसाने भरवलेल्या खेळांची ती जाहिरात: ग्लॅडिएटरांच्या 20 जोड्या, त्याच्या मुलाकडून आणखी 10, शिवाय शिकारीचा खेळ, आणि उन्हापासून वाचायला वर कापडी छतं. खाली लिहिलंय की हे एमिलिउस केलेरने एकट्याने, चांदण्यात लिहिलं. या रंगवलेल्या घोषणा आणि खरवडलेली चित्रं यांची पुष्कळदा गल्लत होते. पहिलं पैसे घेऊन केलेलं काम, दुसरं कोणी न सांगता केलेलं.

तिसरा प्रकार कोळशाचा. कोळशाची रेघ बोटाने पुसली जाते, पावसात टिकत नाही, म्हणून ती क्वचित सापडते. पण हाच कच्चेपणा एकदा मोठा पुरावा ठरला. 2018 मध्ये पॉम्पेईत दुरुस्ती चालू असलेल्या एका घरात कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली, आणि तिच्यावर 17 ऑक्टोबरशी जुळणारी रोमन तारीख आहे. उद्रेकाची परंपरेने सांगितली जाणारी तारीख 24 ऑगस्ट. लेखात साल नाही, पण कोळसा भिंतीवर वर्षभर टिकून राहणं अवघड, तेव्हा तो त्याच वर्षीचा असावा आणि उद्रेक ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झाला असावा, असं आता बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. एका पुसट ओळीमुळे पाठ्यपुस्तकातल्या तारखेवर प्रश्नचिन्ह लागलं.

लोकांनी काय काढलं

सर्वांत जास्त भरणा आहे तो माणसांच्या चेहऱ्यांचा, ग्लॅडिएटरांचा, जहाजांचा आणि प्राण्यांचा. चेहरे बहुतेक एका बाजूने काढलेले, कारण नाक काढलं की माणूस ओळखू येतो. शहराबाहेरच्या एका हवेलीत असाच एक चेहरा आहे. टक्कल, भलंमोठं नाक, डोक्यावर पानांची माळ, आणि वर लिहिलंय की हा रुफुस. कोण रुफुस, हे घरच्यांना पक्कं ठाऊक असणार. जहाजांमध्ये ‘एउरोपा’ नाव लिहिलेलं एक मोठं मालवाहू जहाज आहे. त्याची शिडं, दोर, मागे बांधून ओढून नेलेली छोटी होडी हे सगळं इतकं तपशिलात आहे की काढणाऱ्याने जहाज जवळून पाहिलेलं होतं यात शंका राहत नाही. पॉम्पेई सार्नो नदीच्या मुखाशी वसलेलं बंदराचं गाव होतं.

काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. नांगर धरलेला शेतकरी, चुलीपाशी बसलेली बाई, दुकानातला गल्ला, असं रोजचं जगणं जवळजवळ सापडत नाही. लोकांनी भिंतीवर ते काढलं ज्याबद्दल ते चारचौघांत बोलत होते.

आता एक उदाहरण नीट जवळून. शहरातून नूकेरिया गावाकडे जाणाऱ्या वेशीबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना थडगी आहेत. रोमन लोक मृतांना गावाबाहेर, पण वाहत्या रस्त्याच्या कडेला ठेवायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने नाव वाचावं. त्यांतल्या एका थडग्यावर कोणीतरी ग्लॅडिएटरांच्या झुंजी काढल्या आहेत. एका चित्राशेजारी नोंद आहे की हे नोला गावी झालेल्या चार दिवसांच्या खेळांतलं. शिंगं-तुताऱ्या वाजवणारेही काढले आहेत. प्रत्येक लढवय्याच्या डोक्याशी त्याचं नाव, किती झुंजी, किती विजय, आणि शेवटी एक अक्षर. त्या एका अक्षरात निकाल: जिंकला, हरला पण जिवंत सोडला, किंवा मेला. आपल्याकडे वर्तमानपत्रात सामन्याचा धावफलक वाचतात तसं हे वाचता येतं.

या फलकात मार्कुस आत्तिलिउस नावाचा एक गडी आहे. पहिल्या चित्रात त्याच्या नावापुढे ‘नवखा’ अशा अर्थाची खूण आहे, म्हणजे ही त्याची पहिलीच झुंज. समोर हिलारुस, खुद्द सम्राट नीरोच्या आखाड्यातला, 14 झुंजी झालेला आणि त्यांतल्या बहुतेक जिंकलेला. निकाल: आत्तिलिउस जिंकला, हिलारुसला जिवंत सोडलं. दुसऱ्या चित्रात आत्तिलिउसच्या नावापुढे आता एक झुंज, एक विजय. समोर लुकिउस राएकिउस फेलिक्स, 12 झुंजी, 12 विजय. चित्रात फेलिक्स गुडघ्यावर आलेला आहे, शिरस्त्राण खाली जमिनीवर. आत्तिलिउस पुन्हा जिंकला, आणि फेलिक्सलाही जिवंत सोडलं.

दोन गोष्टी इथे आपोआप कळतात. एक, हरणारा प्रत्येक ग्लॅडिएटर मरायचा ही सिनेमाने रुजवलेली समजूत खरी नाही. तालीम दिलेला लढवय्या महाग असे, आणि चांगला लढून हरलेल्याला सोडून देण्याची रीत होती. दुसरी, ही बातमी शेजारच्या गावच्या खेळांची आहे. पॉम्पेईतल्या माणसाने ती आपल्या रस्त्यावर आणून, आकड्यांसकट, मांडली. रोमन इतिहासकारांनी आत्तिलिउसचं नाव कुठेही घेतलेलं नाही. त्याच्या दोन लढतींचा निकाल आज आपल्याला ठाऊक आहे तो या ओरखड्यांमुळे.

जागा बदलली की अर्थ बदलतो

पॉम्पेईत केलादुस नावाच्या ग्लॅडिएटरबद्दल एक प्रसिद्ध ओळ आहे: याच्यासाठी पोरी उसासे टाकतात. दुसऱ्या क्रेसकेन्स नावाच्या जाळेवाल्या लढवय्याबद्दलही अशाच फुशारक्या आहेत. वर्षानुवर्षं याचा अर्थ असा सांगितला गेला की ग्लॅडिएटर हे मुलींच्या गळ्यातले ताईत होते, पाहा, त्यांनीच लिहून ठेवलंय. पण ही ओळ सापडली कुठे? ज्या घरात ग्लॅडिएटर स्वतः राहत होते त्या घराच्या खांबांवर. आता लिहिणारा कोण असेल? स्वतः केलादुस, किंवा त्याची चेष्टा करणारा बरोबरीचा गडी. ओळीतला शब्दही न बदलता चाहतीचं पत्र लढवय्याची बढाई झालं. उद्या मरायची शक्यता असलेल्या माणसाची बढाई म्हणून वाचलं तर ती मला जास्त खरी वाटते.

दुसरं उदाहरण दंगलीचं. इ.स. 59 मध्ये पॉम्पेईच्या ॲम्फिथिएटरमध्ये, म्हणजे झुंजींच्या गोलाकार प्रेक्षागारात, खेळ चालू असताना पॉम्पेईकर आणि शेजारच्या नूकेरियाचे लोक यांच्यात आधी टोमणेबाजी, मग दगडफेक आणि शेवटी शस्त्रं निघाली. नूकेरियाचे पुष्कळ लोक मेले. टॅसिटस या इतिहासकाराने हे नोंदवलंय. रोमच्या सिनेटने पॉम्पेईत असे खेळ भरवायला 10 वर्षांची बंदी घातली. ही झाली राजधानीतून दिसलेली बाजू. शहरातल्या एका घराच्या भिंतीवर याच प्रकरणाचं एक ओरखडा-चित्र आहे: हातात विजयाची खजुराची फांदी घेतलेला एक सशस्त्र लढवय्या पायऱ्या उतरतोय, आणि खाली ओळ की, काम्पानीकरांनो, नूकेरियावाल्यांबरोबर एकाच विजयात तुमचाही निकाल लागला. काम्पानी हे बहुधा पॉम्पेईतल्याच एका वस्तीतल्या लोकांना म्हटलं असावं. म्हणजे गावातच दोन तट होते आणि दंगलीनंतरही एक तट दुसऱ्याला डिवचत होता. टॅसिटसच्या लेखी सगळे पॉम्पेईकर एकच.

उंची हाही पुरावा असतो. जमिनीपासून हात-दीड हातावर, डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं दिसली की ती लहान मुलांनी काढलेली असण्याची दाट शक्यता असते, कारण ठरावीक वयाची मुलं जगभर माणूस तसाच काढतात. कॅथरीन हंटली या अभ्यासिकेने बालमानसशास्त्राचा आधार घेऊन व्हेसुव्हियसच्या परिसरातली अशी चित्रं वेगळी काढली. 2024 मध्ये पॉम्पेईत एका घराच्या अंगणात कोळशाची चित्रं उजेडात आली. त्यांत भाले घेतलेले ग्लॅडिएटर आहेत, जंगली जनावरांशी लढणारी माणसं आहेत, आणि भिंतीवर हात ठेवून भोवती रेघ ओढलेला लहानगा पंजाही आहे. ती मुलांनीच, आणि प्रत्यक्ष खेळ पाहून काढली असावीत असं अभ्यासकांचं मत आहे. पाच-सात वर्षांच्या मुलांना ॲम्फिथिएटरमध्ये नेत होते, ही गोष्ट कुठल्या रोमन ग्रंथापेक्षा या पंजाशेजारच्या चित्रांनी जास्त थेटपणे सांगितली.

मग किल्ल्यावर नाव कोरणाराही इतिहासच लिहितो का?

हा प्रश्न आपल्याकडे येतोच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. पॉम्पेईच्या माणसाने आपल्या वापरातल्या, आपल्या काळातल्या भिंतीवर रेघ ओढली. तो बॅसिलिकात कामाला आला होता. भिंतीवर लिहिणं तेव्हा बऱ्यापैकी खपवून घेतलं जाई. खुद्द एका भिंतीवर कोणीतरी कवितेच्या दोन ओळी लिहिल्यात: भिंती, इतक्या लोकांचं रटाळ लिखाण पेलूनही तू अजून कोसळली कशी नाहीस, याचंच नवल वाटतं. ही ओळ बॅसिलिकात आहे, मोठ्या नाट्यगृहात आहे आणि ॲम्फिथिएटरमध्येही आहे.

याचा अर्थ सगळेच खूश होते असा नाही. थडग्यांवर कधी कधी लिहिलेलं असे की बाबा रंगाऱ्या, हे थडगं सोडून पुढे जा. प्लूटार्क या ग्रीक लेखकाने म्हटलंय की भिंतींवरचं लिखाण वाचण्यात काही हशील नाही, अमक्याने तमक्याची आठवण काढली, एवढंच त्यात असतं. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाचा सूर वेगळा होता. क्लितुम्नुस नदीच्या उगमापाशी प्रत्येक खांबावर, प्रत्येक भिंतीवर भाविकांनी लिहून ठेवलंय, ते वाच, असं तो मित्राला पत्रात आवर्जून सांगतो.

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात, जुन्या रंगचित्रावर, जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने एप्रिल 1819 मध्ये आपलं नाव आणि तारीख खरवडली. विस्मरणात गेलेली लेणी पुन्हा जगासमोर आली त्याची ती खूण म्हणून सांगितली जाते, हे खरं. पण त्या नावाखालचं चित्र हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचं होतं आणि ते पुन्हा काढता येणार नाही. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस हा भारतीय कायद्याने गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर त्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रायगडाच्या चिऱ्यावर बदाम कोरणारा स्वतःच्या काळाची भिंत वापरत नाही, दुसऱ्या काळाची पुसतो.

एका गाढवाचं डोकं

रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर, राजवाड्यातल्या तरुण सेवकांच्या राहण्या-शिकण्याची मानली जाणारी एक इमारत आहे. तिथल्या गिलाव्यावर 1857 मध्ये एक चित्र सापडलं. क्रुसावर एक आकृती, तिला डोकं गाढवाचं. बाजूला एक मुलगा हात उंचावून उभा. खाली ग्रीकमध्ये ओबडधोबड अक्षरांत: अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो. साधारण इ.स. 200 च्या आसपासचं हे मानलं जातं. ख्रिस्ताला क्रुसावर दाखवणारी जी अगदी जुनी चित्रं आज उरली आहेत त्यांत हे मोडतं, आणि ते कोणा भक्ताने काढलेलं नाही, टवाळाने काढलेलं आहे. नव्या धर्माच्या पोराची त्याच्या सोबत्यांनी केलेली ही टिंगल. त्या काळी ख्रिस्ती माणूस असणं रोजच्या जगण्यात कसं होतं, हे धर्मग्रंथांत सापडणार नाही. तिथल्याच दुसऱ्या खोलीत वेगळ्या हाताने लिहिलेली एक ओळ आहे: अलेक्सामेनोस निष्ठावान. ती त्यानेच दिलेलं उत्तर असेल असं पुष्कळांना वाटतं. मलाही तसं वाटावंसं वाटतं, पण सिद्ध काही झालेलं नाही.

गेलं किती आणि उरलं किती

जमिनीतून उघडा पडलेला गिलावा फार दिवस तग धरत नाही. ऊन, पाऊस, मुळं, हात लावणारे पर्यटक, आणि पॉम्पेईच्या बाबतीत 1943 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टाकलेले बॉम्ब, या सगळ्यांत पुष्कळ भिंती गेल्या. काही तुकडे कापून नेपल्सच्या संग्रहालयात नेले, ते वाचले पण आपल्या जागेपासून तुटले. कार्ल त्सांगेमायस्टर या जर्मन विद्वानाने 1871 मध्ये पॉम्पेईच्या भिंतींवरच्या लेखनाचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. तो नसता तर आज आपण बरंच काही कायमचं गमावलं असतं. मात्र तो संग्रह लेखांचा होता. चित्रं दुय्यम, बऱ्याचदा वगळलेली. मार्टिन लांगनर याने 2001 मध्ये ग्रीक-रोमन जगातली दोन हजारांहून अधिक ओरखडा-चित्रं एकत्र मांडली, तेव्हा कुठे चित्रांकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहणं सोपं झालं. सव्वाशेहून अधिक वर्षांचा हा उशीर मला खटकतो, कारण मधल्या काळात ज्या भिंती ढासळल्या त्यांवरची चित्रं आता कुठल्याच यादीत येणार नाहीत.

उरलेल्या भिंतींसाठी आता चांगलं तंत्र आलं आहे. जुना उपाय म्हणजे भिंतीला लगटून एका बाजूने तिरपा उजेड टाकायचा. ओरखड्याची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि रेघ दिसू लागते. पण एका दिशेने दिवा धरला की त्याच दिशेने जाणाऱ्या रेघा लपतात. म्हणून आता कॅमेरा जागेवर स्थिर ठेवतात आणि दिवा वेगवेगळ्या कोनांतून फिरवत एकाच तुकड्याचे अनेक फोटो घेतात. प्रत्येक बिंदू कुठल्या उजेडात किती चमकला यावरून संगणक तिथला पृष्ठभाग कोणत्या बाजूला कललेला आहे ते काढतो. मग पडद्यावर हवा तिथून उजेड टाकून भिंत तपासता येते, खऱ्या भिंतीला बोटही न लावता. पॉम्पेईत नाट्यगृहांकडून स्ताबियाना रस्त्याकडे निघणारा एक लांब बोळ आहे. तो उघडा होऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली आणि असंख्य लोक त्यातून चालत गेले. अलीकडे याच तंत्राने त्याच्या भिंती तपासल्या तेव्हा आधी कोणाच्या नजरेस न पडलेलं पुष्कळ काही निघालं, आणि त्यात ग्लॅडिएटरांच्या झुंजीचं एक रेखाटनही आहे.

घरबसल्या पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या रिबेका बेनेफिएल यांच्या पुढाकाराने ‘एन्शंट ग्रॅफिटी प्रोजेक्ट’ नावाची खुली नोंदवही इंटरनेटवर चालते. पॉम्पेईचे आणि त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहराचे ओरखडे त्यात जागेसकट शोधता येतात. नकाशावरची इमारत निवडायची की त्या इमारतीतली लेखनं आणि चित्रं समोर येतात. सुरुवात करायची तर एखाद्या प्रसिद्ध ओळीपासून करू नका. एक इमारत धरा आणि तिच्या सगळ्या भिंती पाहा.